खुबा बदलला, रात्रीचे काय?

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ लागली आहे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत रुग्णाला वॉकर देऊन उभे केले जाते आणि सगळे सुरळीत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडले जाते. भेटायला आलेले नातेवाईक ‘लगेच चालायलासुद्धा लागले’ म्हणून कौतुक करतात. दिवस खरोखरच बरा जातो. अडचण सुरू होते ती रात्री. कुशीवर वळायचे की नाही, उशी पायाखाली घ्यायची की पायांच्या मध्ये, लघवीला उठताना कोणता पाय आधी खाली सोडायचा, झोपच लागत नसेल तर गोळी घ्यायची का, या प्रश्नांची उत्तरे रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर अनेकदा नसतात. असली तरी एका ओळीत असतात: ‘सहा आठवडे पाठीवर झोपा.’ ही ओळ प्रत्येक रुग्णाला लागू पडतेच असे नाही, हे गेल्या वीस वर्षांत पुरेसे स्पष्ट झाले आहे.

मुक्काम घटला, रात्री घरी आल्या

आजच्या पद्धतीच्या खुबाबदल शस्त्रक्रियेचा पाया ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात घातला. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातील वाटी, या दोन्हींच्या जागी कृत्रिम भाग बसवायचे, ही त्यामागची कल्पना. वेदना थांबवून माणसाला पुन्हा चालते करण्यात ती इतकी यशस्वी ठरली की २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तिला ‘शतकातील शस्त्रक्रिया’ म्हटले. सुरुवातीच्या काळात रुग्ण कित्येक दिवस रुग्णालयातच असे. रात्री परिचारिका असत, खाट योग्य उंचीची असे, पाय वळू नयेत म्हणून मध्ये जाड त्रिकोणी उशी बांधलेली असे. बरे होण्याच्या सर्वांत अवघड रात्री रुग्णालयाच्या देखरेखीखाली जात.

आता चित्र उलटे आहे. भूल देण्याच्या पद्धती सुधारल्या, वेदनाशमनाची साधने वाढली, रक्तस्राव कमी करता येऊ लागला, लवकर चालण्याचे फायदे सिद्ध झाले. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२० पासून वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेने ही शस्त्रक्रिया ‘रुग्णालयात दाखल करूनच’ करण्याच्या यादीतून काढली आणि निवडक रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागले. लवकर घरी जाणे चांगलेच आहे. संसर्गाचा धोका आणि खर्च कमी होतो, माणूस आपल्या माणसांत असतो. मात्र ज्या रात्री पूर्वी रुग्णालय सांभाळत होते, त्या आता घरचे सांभाळतात, आणि त्यासाठीची तयारी सर्वांना मिळतेच असे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वाढत जाणार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. आयुष्मान भारतच्या यादीत खुबाबदल शस्त्रक्रिया आहे, आणि घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या यांचा खर्चही योजनेत धरला आहे. पैशांअभावी वर्षानुवर्षे लंगडत काढणाऱ्या अनेकांना त्यामुळे शस्त्रक्रिया शक्य होईल. पण त्यातील बरेच जण ज्या घरी परततील तिथे जमिनीवर गादी असेल, भारतीय बैठकीचे शौचालय असेल आणि मोरीची फरशी ओली असेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलणारा रुग्ण प्रामुख्याने वयामुळे सांधा झिजलेला असतो. भारतात मोठा वाटा आहे तो मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो खचलेल्या रुग्णांचा. डॉक्टर याला ‘एव्हीएन’ म्हणतात. स्टिरॉइडचा दीर्घ वापर आणि दारूचे व्यसन ही त्याची प्रमुख कारणे. असे रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतले, कमावते असतात. त्यांना लवकर कामावर जायचे असते आणि तीन आठवडे अर्धवट झोपेवर काढणे त्यांनाही परवडत नाही. दुसऱ्या टोकाला पडून खुब्याचे हाड मोडलेले सत्तरी-ऐंशीतले रुग्ण आहेत. त्यांना शस्त्रक्रियेची मानसिक तयारी करायलाही वेळ मिळालेला नसतो. एकच कागदी सूचना या दोघांना पुरी पडणार नाही.

रात्रीच जास्त का दुखते?

‘दिवसा बरे असते, रात्री ठणकते,’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक रुग्ण करतो आणि ती खोटी नसते. दिवसभराच्या चालण्या-बसण्याने सूज संध्याकाळपर्यंत वाढते. शरीरातील कॉर्टिसॉल हे नैसर्गिक सूजरोधक संप्रेरक संध्याकाळनंतर कमी होत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते. दुपारी घेतलेल्या वेदनाशामकाचा परिणाम ओसरलेला असतो. शिवाय रात्री मन दुसरीकडे गुंतवायला काही नसते.

याखेरीज मोठ्या शस्त्रक्रियेमुळेच झोपेची घडी विस्कटते. पहिल्या काही रात्री गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, दोन्ही घटतात. त्यानंतर मेंदू ती तूट भरून काढू लागतो आणि त्या काळात विचित्र, भीतिदायक स्वप्ने पडू शकतात. खुबाबदलानंतरचे पहिले काही आठवडे झोप खराब असणे नेहमीचे आहे, आणि बहुतेकांची झोप तीन महिन्यांपर्यंत पूर्ववत किंवा आधीपेक्षा चांगली होते. आधीपेक्षा चांगली अशासाठी, की जुना सांधा रात्री जागा ठेवतच होता. रुग्णाला हे शस्त्रक्रियेआधी सांगितले, तर ‘माझेच काहीतरी बिघडले’ ही भीती तरी कमी होते. झोप न येण्यात त्या भीतीचाही वाटा असतो.

कुशीवर झोपायचे की नाही?

सर्वांत जास्त गोंधळ या प्रश्नावर आहे. एकाच इमारतीतल्या दोन रुग्णांना दोन डॉक्टरांनी अगदी विरुद्ध सल्ले दिलेले असतात. दोघेही बरोबर असू शकतात.

भीती असते सांधा निखळण्याची. नवा गोळा वाटीत बसवलेला असतो, पण त्याभोवतीचे स्नायू आणि आवरण कापून पुन्हा शिवलेले असते. ते भरून येईपर्यंत पाय विशिष्ट रीतीने वळला तर गोळा वाटीबाहेर येऊ शकतो. साधारणपणे शंभरात एक ते तीन रुग्णांत असे घडते आणि त्यातील बहुतांश घटना पहिल्या तीन महिन्यांतल्या असतात. कोणत्या हालचालीने धोका वाढतो, हे शल्यचिकित्सक सांध्यापर्यंत कोणत्या बाजूने पोहोचला यावर ठरते. मागच्या बाजूने छेद घेतला असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणे आणि पाऊल आत वळवणे, या तीन गोष्टी धोक्याच्या; तिन्ही एकत्र झाल्या तर अधिकच. पुढच्या बाजूने छेद असेल तर धोका उलट दिशेला असतो: पाय मागे नेऊन बाहेर वळवण्यात.

आता झोपेत काय होते ते पाहू. मागून छेद घेतलेला रुग्ण चांगल्या कुशीवर वळला आणि पायांमध्ये आधार नसेल, तर वरचा, म्हणजे शस्त्रक्रिया झालेला पाय गुडघ्यात वाकून पुढे आणि खाली घसरतो. म्हणजे नको त्या तिन्ही हालचाली एकदम होतात. ‘पाठीवरच झोपा’ हा नियम इथून आला. तो जपून चालणाऱ्यांनी केलेला होता आणि वर्षानुवर्षे सर्वांनाच लावला गेला.

त्याची कसोटी घेणारा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या शल्यचिकित्सकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. सांध्याच्या पुढील-बाहेरील बाजूने छेद घेतलेल्या २६५ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीची सर्व बंधने आणि त्यात भर म्हणून कुशीवर झोपण्यास मनाई, पायांमध्ये उशी, उंच केलेले कमोड. दुसऱ्या गटाला ही जादाची बंधने नाहीत. संपूर्ण प्रयोगात सांधा निखळण्याची एकच घटना घडली आणि ती जादा बंधने असलेल्या गटात, तीही शस्त्रक्रियेच्या टेबलावरून खाटेवर हलवताना. बंधने कमी असलेले रुग्ण मात्र लवकर कुशीवर झोपू लागले, लवकर कामावर गेले आणि आपल्या प्रगतीबद्दल अधिक समाधानी होते. २०१६ मध्ये ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही अशा बंधनांच्या बाजूने किंवा विरोधात ठाम निष्कर्ष काढण्याइतका दर्जेदार पुरावा आढळला नाही.

याचा अर्थ बंधने निरुपयोगी आहेत असा काढणे चुकीचे ठरेल. वरचा प्रयोग एका विशिष्ट छेदापुरता होता. मागून छेद घेतलेले, पूर्वी सांधा निखळलेले, दुसऱ्यांदा सांधा बदललेले, कमरेचे मणके स्क्रूने जोडलेले किंवा आजाराने ताठलेले, स्मृतिभ्रंश असलेले किंवा स्नायू फार अशक्त असलेले रुग्ण यांना अधिक जपावे लागते. उलट पुढून छेद घेतलेल्या धडधाकट रुग्णाला सहा आठवडे उताणे पडून राहायला लावण्यात फारसा फायदा नसतो. पाठ मात्र धरते आणि झोप जाते. म्हणून ‘कुशीवर झोपू का?’ या प्रश्नाआधी ‘माझा छेद कोणत्या बाजूने घेतला आणि माझ्या बाबतीत कोणती हालचाल टाळायची?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा. ज्याला हे कोणी सांगितलेले नाही, त्याने डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत सावध नियम पाळणे हेच सुरक्षित.

उशी कुठे आणि किती?

पहिल्या काही आठवड्यांत सर्वांनाच चालणारी स्थिती पाठीवरची. पाय थोडे फाकलेले, मध्ये एक उशी, पावलांची बोटे छताकडे. पाऊल सारखे एका बाजूला कलत असेल तर मांडीच्या बाहेरून घडी केलेला टॉवेल लावावा. पाठीवर झोपायची सवय नसणाऱ्यांना डोक्याकडची बाजू थोडी उंच केल्याने बरे वाटते, पण अर्धवट बसल्यासारखे उंच नको.

गुडघ्याखाली उशी घेतली की लगेच आराम वाटतो, त्यामुळे घरचे प्रेमाने ती देतात. थोडा वेळ ठीक आहे. रात्रभर, रोज तसे झोपले तर खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ उभे राहताना, चालताना तो पूर्ण उलगडत नाही. रात्रभर आरामखुर्चीत किंवा मऊ सोफ्यात रेलून झोपण्याचेही हेच नुकसान आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चांगल्या, म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या कुशीवर झोपता येते. इथे एक लहान उशी दोन गुडघ्यांत धरणे पुरेसे नाही. आधार मांडीपासून घोट्यापर्यंत हवा, म्हणजे वरच्या पायाचा गुडघा आणि पाऊल एकाच पातळीवर राहतात आणि सांध्याला पीळ बसत नाही. दोन घट्ट उशा एकापुढे एक, लांब लोड किंवा घट्ट गुंडाळी केलेली गोधडी यापैकी काहीही चालते. मऊ, दबणारी उशी मध्यरात्रीपर्यंत चपटी होते. पाठीमागे आणखी एक लोड लावला तर झोपेत उलटे वळणे टळते. कूस बदलताना उशी पायांत धरून, खांदे, कंबर आणि पाय एकदम, ओंडका वळवावा तसे वळायचे. आधी खांदे आणि मग पाय असे केले की कमरेत पीळ पडतो.

शस्त्रक्रिया झालेल्या कुशीवर झोपणे हे मुख्यतः जखमेच्या दुखण्यावर अवलंबून असते. टाके भरून आल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडा थोडा वेळ करून पाहता येते. पोटावर झोपणे मात्र सुरुवातीला टाळावे.

झोपेत नकळत होणाऱ्या चुकांइतक्याच जागेपणी होणाऱ्या चुकाही असतात. पायापाशी सरकलेले पांघरूण बसल्या बसल्या वाकून ओढणे ही त्यातली नेहमीची. खाली पडलेला मोबाइल किंवा चष्मा खाटेवरून वाकून उचलणे ही दुसरी. दोन्हींत खुबा ९० अंशांपलीकडे वाकतो. पाणी, चष्मा, फोन, औषध आणि बॅटरी हाताच्या अंतरावर, खाटेच्या उंचीच्या टेबलावर ठेवली की या दोन्ही चुका टळतात.

गादी, दिवाण आणि ओली मोरी

अनेक मराठी घरांत झोपायची जागा जमिनीवर किंवा बुटक्या दिवाणावर असते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात ती चालत नाही. खाटेच्या काठावर बसल्यावर पाऊल जमिनीला पूर्ण टेकावे आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहावेत, ही उंचीची साधी परीक्षा. दिवाण बुटका असेल तर वर आणखी एक घट्ट गादी टाकता येते किंवा पायांखाली रुंद, खाचेचे लाकडी ठोकळे देता येतात. ठोकळे हलता कामा नयेत. विटा रचण्याचा प्रयोग करू नये. झोळ पडलेल्या जुन्या कापसाच्या गादीत खुबा खोल जातो आणि कूस बदलणे अवघड होते. त्याखाली फळी किंवा वर घट्ट गादी हवी.

खाटेची जागाही विचाराने ठरवावी. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूने पाय सोडायचा असेल, तर ती बाजू कोणती असावी हे फिजिओथेरपिस्टकडून विचारून घ्यावे. खाटेवर चढण्या-उतरण्याचा सराव घरी सोडण्यापूर्वी रुग्णालयातच, शक्यतो घरच्या एका माणसासमोर, दोन-तीनदा व्हायला हवा. एका-दोन खोल्यांच्या घरात खाट स्वच्छतागृहाजवळ असणे हे टीव्हीसमोर असण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

कारण रात्रीचा खरा धोका त्या वाटेवर असतो. वेदनाशामकाची गुंगी, अंधार, घाई, उंबरठा, सरकणारे पायपुसणे, ओली फरशी. इथे पडल्यावर नव्या सांध्याभोवतीचे हाड मोडू शकते आणि ती दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. म्हणून वाटेवर रात्रभर मंद दिवा, पायपुसणी आणि सुट्या वायरी दूर, झोपण्यापूर्वी मोरी कोरडी, आणि वॉकर हाताशी. गावाकडे वीज जाते तिथे चार्जिंगचा दिवा उशाशी हवाच. उठल्यावर लगेच चालू न लागता मिनिटभर काठावर बसून घ्यावे. भारतीय बैठकीच्या शौचालयासाठी कमोड खुर्ची लागते. पुरुषांना रात्री खाटेवरच युरिन पॉट वापरणे सोपे पडते, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी अगदी बंद करणारे रुग्णही असतात. त्यापेक्षा दिवसा भरपूर पिऊन रात्री बेताने प्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळची करून घेता येते.

या साहित्यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत आणि शहरांत सेवाभावी संस्थांची ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे’ आहेत. अनामत रक्कम ठेवून वॉकर, कमोड खुर्ची, प्रसंगी उंची बदलता येणारी खाटही तिथून अल्प भाड्याने मिळते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ही व्यवस्था दाखल होण्याच्या आधीच्या आठवड्यात करता येते. घरी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरे.

झोपेच्या गोळीचा मोह

तिसऱ्या-चौथ्या जागरणानंतर घरातली कोणाची तरी झोपेची गोळी रुग्णाला दिली जाते. हे घातक ठरू शकते. ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावू शकतो. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांना, दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांना हा धोका अधिक. दारूची त्यात भर पडली तर आणखी. वृद्धांमध्ये या गोळ्यांनी तोल जातो आणि गोंधळ वाढतो.

ज्येष्ठ रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रात्री बरळू लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत, खाटेवरून उतरायचा हट्ट धरतात. ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून घर हादरते. बहुतेक वेळा ही तात्पुरती अवस्था असते. डॉक्टर तिला ‘डिलिरियम’ म्हणतात. दुखणे, संसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, पाण्याची किंवा क्षारांची कमतरता आणि औषधे ही त्याची नेहमीची कारणे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून कारण शोधायला हवे. घरी करता येण्यासारखे उपाय साधे आहेत: मंद दिवा, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ, ओळखीचा माणूस शेजारी, दिवसा उजेडात बसवणे.

वेदना काबूत असतील तर झोप बऱ्याच अंशी आपोआप सुधारते. त्यासाठी लिहून दिलेले वेदनाशामक असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा सुरुवातीचे दिवस ठरलेल्या वेळी घ्यावे आणि त्यातली एक मात्रा झोपण्याच्या तास-अर्धा तास आधी येईल अशी आखणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. मूत्रपिंडाचा, पोटातील अल्सरचा, हृदयाचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी दुकानातून स्वतःहून गोळी आणू नये. झोपण्यापूर्वी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावल्याने सूज उतरते. जखम ओली होऊ देऊ नये. व्यायाम सकाळी आणि दुपारी उरकावा. दुपारची झोप अर्ध्या तासाची ठेवावी, चारनंतरचा चहा टाळावा, सकाळचे ऊन घ्यावे. मेलाटोनिनच्या गोळ्यांची चर्चा हल्ली होते. सांधेबदलानंतर त्यांचा उपयोग होतो का, याबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

सोबत जागणारे

या सगळ्यात ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो शेजारी झोपणारा माणूस. बहुतेक घरांत ती पत्नी, सून किंवा मुलगी असते. रात्री तीनदा उठून दिवसा घर आणि नोकरी करणारी ही व्यक्ती दहाव्या दिवशी थकून जाते, आणि थकलेल्या हातांनी रुग्णाला उठवताना दोघेही पडू शकतात. पहिल्या दोन आठवड्यांसाठी घरातल्यांनी रात्री वाटून घ्याव्यात. शक्य असेल तिथे ब्युरोची मावशी ठेवली जाते. तिलाही पाय कसा धरायचा, कूस कशी बदलायची हे फिजिओथेरपिस्टने दाखवायला हवे. एकच खाट असेल आणि जोडीदार शेजारी झोपत असेल तर काही दिवस वेगळे झोपणे दोघांच्याही हिताचे.

कधी सकाळची वाट पाहू नये?

रात्रीचे सगळेच दुखणे सहन करण्याजोगे नसते. अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, विचित्र वळला आणि त्यावर भार देता येईनासा झाला, तर सांधा निखळल्याची शक्यता असते. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्यासोबत किंवा एरवीही धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे ही गुठळी फुप्फुसात गेल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे. गुठळीचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ करणारे औषध सांगितले तितके दिवस घ्यावे आणि जाग आली की पावले वर-खाली हलवावीत. ताप, जखमेतून स्राव, वाढती लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तीन महिने उलटूनही स्वस्थ पडलेले असताना सांधा दुखून जाग येत असेल, तर संसर्ग किंवा सांधा सैल होणे यासाठी तपासणी हवी.

कागदावर काय हवे?

रुग्णालयांनी यासाठी नवे यंत्र आणण्याची गरज नाही. घरी सोडण्याच्या कागदावर मराठीत पाच-सहा ओळी पुरेशा आहेत: छेद कोणत्या बाजूने घेतला, कोणत्या हालचाली किती आठवडे टाळायच्या, चांगल्या कुशीवर केव्हापासून आणि शस्त्रक्रियेच्या कुशीवर केव्हापासून झोपता येईल, रात्रीचे वेदनाशामक कोणते, किती वाजता, कोणती औषधे एकत्र घ्यायची नाहीत, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत ‘घरी खाट किती उंच आहे, शौचालय कसे आहे, रात्री सोबत कोण असेल’ हे तीन प्रश्न विचारले तर निम्मी तयारी आधीच होते.

सरकारी योजनांनी सांध्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, ही मोठी गोष्ट आहे. त्याला जोडून वॉकर आणि कमोड खुर्ची तात्पुरती मिळण्याची सोय आणि पहिल्या पंधरवड्यात फिजिओथेरपिस्टची एखादी घरभेट झाली, तर लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेचे फळ एका ओल्या फरशीमुळे वाया जाण्याचा धोका बराच कमी होईल. तोपर्यंत रुग्ण आणि नातेवाइकांनी रुग्णालयातून निघण्यापूर्वी हे प्रश्न स्वतः विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. राउंडच्या घाईत ती राहून जातात, म्हणून प्रश्नांची चिठ्ठी आदल्या दिवशीच तयार ठेवलेली बरी.